देवाच्या पानात मीठ नसतं

ज्या वर्षी देशभर गणपती दूध प्यायले, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच्या तीनेक आठवडे आधी चतुर्थी होती. लखनौच्या जानकीपुरममधल्या आमच्या घरी बसलेल्या गणपतीने दूधबीध काही प्यायलं नाही, पण त्याच्यापुढे माझ्या नवऱ्याची जी ततपप झाली, ती मी जन्मात विसरणार नाही.

पण आधी आंबे. सुरुवात आंब्यांपासून झाली.

जूनमध्ये देवदत्तांच्या एका सहकाऱ्याने आम्हाला मलिहाबादला त्याच्या वडिलांच्या बागेत बोलावलं होतं. देवदत्त म्हणजे माझे यजमान. गोमतीच्या काठी एका जुन्या नवाबी महालात औषधांवर संशोधन करणारी सरकारी संस्था होती, तिथे ते वीस-बावीस वर्षं उंदरांना औषधं पाजत होते. बागेत दशहरीच्या झाडांखाली खाटा टाकलेल्या, बादल्यांमध्ये आंबे गार व्हायला सोडलेले, आणि मी नेहमीप्रमाणे वाद घालत होते. हापूस मोठा की दशहरी मोठा, हे भांडण मी लखनौत पाऊल टाकल्यापासून भांडत आले होते. बागेचे मालक मोठे अदबशीर. "आप बजा फ़रमाती हैं," म्हणजे तुमचंच खरं, असं म्हणायचे आणि लगेच पुढचा आंबा हातात द्यायचे. अशा माणसाशी भांडणं म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं. मी आवाज चढवला आणि चढवता चढवता पाहिलं, तर समोरची झाडं सावकाश चालायला लागली होती.

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर छान वाटलं. सगळी बाग पदर सावरत माझ्याकडे येत होती, पानांतून ऊन गळत होतं, आणि मालकांचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. झाडं जवळ आली, माझ्याभोवती गोल करून बसली, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसारखी आपापसात कुजबुजू लागली. त्यानंतर मी डोळे उघडले तेव्हा खाटेवर आडवी होते, कपाळावर ओला पंचा होता, आणि माझी मुलगी कौमुदी वर्तमानपत्राने वारा घालत रडत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नक्वींनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. नंतर कानातली नळी काढून अतिशय नम्रपणे म्हणाले, "ब्लड प्रेशर ज़रा ऊपर तशरीफ़ ले गया है।" मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "नमक से परहेज़, ग़ुस्से से परहेज़, और ये गोली रोज़ सुबह। उम्र भर।" माझं वय अठ्ठेचाळीस. जन्मभराचं असं काही मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. मला राग आला, आणि आता रागवायचं नाही हे आठवून आणखी राग आला. निघताना डॉक्टर म्हणाले, "इस गोली से कुछ लोगों को ख़्वाब बहुत आते हैं। घबराइएगा नहीं।"

तर असं ते दुखणं घरात आलं. न ताप, न खोकला, न कुठे दुखत. आरशात बघावं तर मी तीच, जाड भुवयांची वासंती. पण घर मात्र त्या दिवसापासून बदललं.

आमच्याकडे पान वाढायची रीत आहे. ताटात सगळ्यात आधी, वरच्या बाजूला मधोमध, चिमूटभर मीठ. मग लिंबाची फोड, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, असं करत शेवटी भात-वरण. नैवेद्याच्या पानात मात्र मीठ वाढायचं नाही. वाईला माझ्या आईने मला हे शिकवलं, मी लखनौत कौमुदीला शिकवलं. बाकीचं मराठीपण तिने अर्धंमुर्धं घेतलं. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. पण पान अगदी चोख वाढते. आता तिने माझं पान वाढायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. मीठ घालायच्या आधी माझी आमटी वेगळी काढायची, माझी भाजी वेगळी काढायची, आणि ताटात वरची मधली जागा मोकळी ठेवायची. रोज दुपारी माझ्यापुढे ते ताट यायचं आणि मला वाटायचं, ही मला नैवेद्य दाखवतेय.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्याशी कोणी भांडेनासं झालं. मी म्हणावं, "पंखा का चालू ठेवलात?" की देवदत्त म्हणणार, "हो, चुकलंच माझं." मी म्हणावं, "हा कुडता तुला मुळीच शोभत नाही," की कौमुदी म्हणणार, "आई, तुम सही कह रही हो।" आयुष्यात त्या मुलीने मला सही म्हटलं नव्हतं! दारावरच्या सब्जीवाल्याला मी नेहमीसारखं भिंडीच्या भावावरून धारेवर धरलं, तर तो टोपली खाली ठेवून म्हणाला, "जो आप कहें, बहनजी।" मला संशय आला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, साहेबांनी त्याला बाजूला घेऊन बजावून ठेवलं होतं की बहनजींशी घासाघीस करायची नाही.

आमच्या घरात माया भांडणातूनच वाहायची. देवदत्त कुडाळकडचे, मी वाईची. आमटीत गूळ घालायचा की कोकम, यावर आम्ही अख्खा संसार केला. आता सगळेच माझ्याशी अळणी बोलत होते. मला इतकं एकटं वाटायचं की कधीकधी मी कढीपत्त्याच्या कुंडीशी जाऊन तिच्यावरच खेकसायचे.

पण गोळीने एक चांगलं केलं. तिने मला स्वप्नं दिली.

दुपारी जेवण झालं की मी आतल्या खोलीत पडायचे. कूलर घरघरत असायचा, खसाच्या ओल्या वासाने खोली भरून जायची, पडद्यातून हिरवट उजेड यायचा. डोळा लागला की मी सरळ वाईला, कृष्णेच्या घाटावर. घाट आमचाच, पण समोरच्या काठावर देवदत्तांचा नवाबी महाल असायचा, त्याचे घुमट पाण्यात हलत असायचे. कृष्णा कुठे संपते आणि गोमती कुठे लागते हे नदीलाही ठाऊक नसावं. आणि घाटाच्या अगदी वरच्या पायरीवर माझी आई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून, मीठ-मसाला भरलेल्या सांडग्या मिरच्या उन्हात पसरून, हातात काठी घेऊन कावळ्यांपासून राखण करत बसलेली. महालाच्या गच्चीवरून पांढरे उंदीर तिच्याकडे टुकूटुकू बघत असायचे.

"पायांनी मिरच्या तुडवू नकोस, वसू," आई म्हणायची. "एवढी घोडी झालीस तरी खाली बघून चालत नाहीस."

"तू वाटेतच पसरून ठेवल्यास त्या."

"घाट तुझ्या बापाचा आहे का?"

अशी आम्ही छान भांडायचो. आई तोंडाची फटकळ. माझा राग तिच्याकडूनच आलाय. एक मिरची उचलून ती माझ्या तोंडात कोंबायची, आणि खारट, तिखट, उन्हाची चव जिभेवर घेऊन मी जागी व्हायचे. उशी घामाने ओली, कूलर घरघरतोय, आणि तोंडात मीठ. मी गोळीची वाट बघायला लागले. सकाळी सगळ्यांत आधी मी गोळी घ्यायचे, दुपारी आई भेटावी म्हणून.

जुलै संपता संपता स्वप्न बदललं.

आई वरच्या पायरीवर नव्हती. मिरच्या होत्या, काठी होती, कावळे बिनधास्त फिरत होते. आई चार पायऱ्या खाली जाऊन बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारली तर तिने नुसता एक हात वर केला. पुढच्या वेळी ती आणखी खाली होती. मग अगदी पाण्याशी. एकदा तिचे दोन्ही पाय पाण्यात होते आणि नऊवारीचा काठ लांबच लांब भिजत चालला होता, हिरव्या रेघेसारखा, महालाच्या दिशेने. "आई, वर ये," मी ओरडले. ती म्हणाली, "वर यायला पाय कुठे हलतोय माझा?" एवढंच. भांडली नाही.

चहाच्या वेळी मी हे सांगितलं. देवदत्तांचा कप बशीवर जरा जोरात टेकला. कौमुदी उठली आणि म्हणाली, "आई, टोस्ट लोगी?" टोस्टमध्ये मीठ असतं म्हणून ते तिनेच महिनाभरापूर्वी बंद केले होते.

मी वाईला फोन लावला. माझा भाऊ मधुसूदन बोलला. "आई झोपलीय गं, ताई." दुसऱ्यांदा लावला, तर आई देवळात गेली होती. तिसऱ्यांदा शेजारी. ऐंशीच्या घरातली बाई अचानक एवढी कुठे हिंडायला लागली? "सगळं ठीक आहे ना रे?" मी विचारलं. "अगदी ठीक," मधू म्हणाला. देवदत्तांना विचारलं, "ठीक आहे." कौमुदीला विचारलं, "सब ठीक है।" तिघांनी एकत्र बसून घोकून ठेवल्यासारखं.

मला कळलं होतं. आईला काहीतरी झालंय, आणि माझं बीपी चढेल म्हणून हे मला सांगत नाहीत, हे न कळायला मी काय दुधखुळी होते? पण ठणकावून विचारायचा धीर मला होईना. विचारलं आणि त्यांनी खरंच सांगितलं तर? ती असेल तर मला तिच्याजवळ जायचं होतं. आणि नसेल तर... तिथपर्यंत विचार आला की मी उठून कपडे वाळत घालायचे, वाळलेले असले तरी.

मग मी एक मूर्खपणा केला. मला वाटलं, आईला पाण्याकडे ढकलतेय ती गोळीच. गोळी घेतली की स्वप्न पडतं, स्वप्न पडलं की ती एक पायरी उतरते. शेवटची पायरी तेवढी राहिलीय. औषधांच्या शास्त्रज्ञाची मी बायको. कोणाला सांगितलं असतं तर हसून लोळले असते. पण रोज सकाळी देवदत्तांच्या देखत मी गोळी जिभेखाली धरायची, आणि ते आंघोळीला गेले की कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायची. स्वप्नं विरळ झाली. त्याऐवजी डोकं घणघणायला लागलं आणि कानात दिवसभर कोणीतरी पीठ दळत बसलं. ते मला सांगत नव्हते, मी त्यांना सांगत नव्हते. सगळं ठीक होतं.

असे आम्ही चतुर्थीपर्यंत आलो.

आमचा गणपती देवदत्त स्वतः करतात, गोमतीच्या मातीचा. मूर्तीचं म्हणाल तर सोंड कधी जाड होते, कधी कान लहानमोठे होतात. पण उंदीर! मिशांपासून शेपटीपर्यंत असा अस्सल की आता पळेल असं वाटावं. जन्मभर उंदीर हाताळल्याचं एवढं एक पुण्य. कौमुदीने रात्री जागून मखर केलं होतं. मी पहाटेपासून मोदक वळत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला कोणी ओट्यापासून हटवलं नाही. डोकं घणघणत होतं. मी कोणाला सांगितलं नाही.

बाराच्या सुमारास मी नैवेद्याचं पान वाढलं. लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात, वर साजूक तूप, एकवीस मोदक. वरची मधली जागा मोकळी. शेजारी, जेवायच्या तयारीसाठी, कौमुदीने आमची तीन पानं मांडली होती. दोन पानांत मीठ. तिसऱ्यात, माझ्यात, मधली जागा मोकळी.

मी त्या दोन मोकळ्या जागांकडे बघत राहिले. बाहेर ढगाळलेलं होतं, उदबत्तीचा धूर खोलीत निळसर तरंगत होता, आणि मला क्षणभर असं वाटलं की मखरात मीच बसलेय. समोर पान आहे, सगळे हात जोडून गोड गोड बोलताहेत, आणि दोन दिवसांनी मला उचलून गोमतीवर नेणार आहेत. मग मनात आलं, नाही, याची स्थिती माझ्यापेक्षा बरी आहे. देवाच्या पानात मीठ नसतं, पण देवाला गाऱ्हाणी तरी सांगतात. मला तेवढंही कोणी सांगत नाही. डोळे भरून आले, ते मी धुरावर ढकललं.

आरती झाली. आता गाऱ्हाणं.

हे देवदत्तांच्या गावाकडचं. गणपतीपुढे घरातल्या कर्त्याने उभं राहून, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एकसुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. घरात जे काही अडलं-नडलं असेल ते सगळं सांगायचं. राखून ठेवलं तर ते देवाशी खोटं बोलणं. देवदत्त एरवी देवळाच्या वाटेला जात नाहीत. पण प्रयोगातला आकडा लपवायचा नाही आणि गाऱ्हाण्यातलं दुखणं लपवायचं नाही, हे दोन धर्म त्यांनी आयुष्यभर पाळले. आजवर याच जागी उभं राहून त्यांनी अडलेलं प्रमोशन, गळणारी टाकी, प्रयोगशाळेतली मेलेली माकडं आणि कौमुदीचा संख्याशास्त्राचा पेपर हे सगळं देवाच्या कानावर घातलं होतं.

त्यांनी उपरणं सारखं केलं, हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज जी काय तुझी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कौमुदी आणि मी.

"काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या घरकारणीचा ब्लड प्रेशर वाढला हा, ता खाली हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. त्यात काय खोटं होतं?

"आणि म्हाराजा..." देवदत्त म्हणाले, आणि थांबले.

आम्ही वाट बघत राहिलो. त्यांनी घसा खाकरला. "आणि म्हाराजा, वायेक... वायेक..." कौमुदीने मान खाली घातली. देवदत्तांनी गणपतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आपल्या उंदराकडे बघितलं. कपाळावर घाम आला. एवढा शिकलेला माणूस, परदेशातल्या सभांमध्ये बोलून आलेला, तो स्वतःच्या हाताने केलेल्या मातीच्या गणपतीपुढे ततपप करत उभा होता. वाक्य गिळून पुढे जाता येत होतं. कोण अडवणार होतं? पण ते पुढे जाईनात.

"सांगा," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आला, मलिहाबादच्या बागेतून यावा तसा. "त्याला सांगा. मी नुसती ऐकते."

त्यांनी डोळे मिटले.

"वायेक माझी सासू हांथरुणार आसा रे म्हाराजा. महिनो झालो. अर्धा आंग लुळा पडला. तिचा पण ब्लड प्रेशर होता, कोणी कधी बघूकच नाय. रोज लेकीचा नाव घेता. माझ्या घरकारणीक ह्या सांगूचो माका धीर नाय झालो. उद्याचा मुंबईचा तिकीट काढून ड्रॉवरात ठेवलंय, ता भायर काढूचो पण धीर नाय रे म्हाराजा!"

"व्हय" म्हणायचं कोणी? उदबत्तीची राख पडली. घाटाच्या पायऱ्या माझ्या पायाखालून एकेक करून वर येत होत्या, ओल्या, शेवाळलेल्या, आणि अगदी शेवटच्या पायरीवर आई बसली होती. बसलेली होती. पाण्यात नव्हती.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

आणि मग, आता देवापुढे सगळं निघतंच आहे म्हणून, मी माझंही सांगून टाकलं. "आणि म्हाराजा, माझ्या गोळ्या दोन आठवडे कढीपत्त्याच्या कुंडीत आहेत."

देवदत्तांनी डोळे उघडले. "काय?"

"क्या?" कौमुदी किंचाळली. "तुम दवाई गमले में डाल रही थीं? आई! आजी को यही था, यही! उन्होंने कभी नपवाया नहीं, और तुम्हारे पास डॉक्टर है, गोली है, सब है, और तुम गमले में..." हातातलं आरतीचं तबक तिने खाली आपटलं.

"आणि तुम्ही?" मी ओरडले. "महिनाभर माझी आई अंथरुणात, आणि मला म्हणे टोस्ट खाणार का!"

"ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते!" देवदत्त माझ्या तिप्पट मोठ्याने ओरडले. "उंदराचीसुद्धा आम्ही हळूहळू बंद करतो!"

"मग उंदराला सांगता तेवढं तरी मला सांगायचं!"

"तुम्हें कुछ हो जाता तो?" कौमुदी रडत ओरडत होती. "कुछ हो जाता तो, यार, मैं क्या करती?"

मोदक निवत होते, गणपती ऐकत होता, आणि आम्ही तिघं एकमेकांवर तोंडसुख घेत होतो. मला रडू येत होतं, आईच्या लुळ्या अंगाचं दुःख छातीत मावत नव्हतं, आणि तरीही, कसं सांगू, जूनपासून पहिल्यांदाच मला घरी आल्यासारखं वाटत होतं. मी खाली फरशीवर बसले. कौमुदी येऊन मला बिलगली. देवदत्त बीपीचं यंत्र आणायला धावले आणि पट्टा उलटा बांधू लागले.

"ते राहू दे," मी म्हटलं. "आधी वाईला फोन लावा."

एसटीडी रात्री दर उतरल्याशिवाय न लावणारा हा माणूस. त्यांनी भर दुपारी आकडे फिरवले. पलीकडे मधू होता. देवदत्त त्याला एवढंच म्हणाले, "तिला कळलंय," आणि फोन माझ्या हातात दिला.

"ताई," मधू म्हणाला, "तिला नीट बोलता येत नाही गं. समजून घे. कानाशी धरतो."

खरखर झाली. मग श्वास. जड, ओला, थांबत थांबत येणारा. माझ्या दुपारच्या झोपेत हे माझ्या कानावर पडलं असणार, देवदत्त नंतर म्हणाले; फोन दाराबाहेरच्या बोळात आहे आणि सुट्टीच्या दुपारी मधूचा फोन आला की ते तिथूनच हळू आवाजात बोलायचे. 'पाय हलत नाही' हेही मी अर्धवट झोपेत तेव्हाच ऐकलं असेल. असेल. त्यांचं शास्त्र त्यांच्याकडे.

"आई," मी म्हटलं. "मी वसू."

श्वास. मग शब्द, एका बाजूने सांडत आलेला. "व... सू."

"मी येतेय. उद्याच निघते. ऐकतेस ना?"

पुन्हा श्वास. काहीतरी बोलायला ती धडपडत होती. "गो..." ती म्हणाली. "गो... ळी?"

मला कळेना. मधूने फोन घेतला. "रोज तेच विचारते, ताई. तुझं बीपी निघालं हे मी तिला जूनमध्येच सांगितलं होतं. स्वतः पडली तरी दिवसातून दहादा एकच. वसूने गोळी घेतली का?"

"तिला सांगितलंस?"

"तिच्यापासून काय लपवायचं?" मधू म्हणाला. "धर, परत देतो तिच्याकडे."

"गोळी?" आईने पुन्हा विचारलं. या वेळी शब्द अख्खा आला, आणि त्यात जरा जरब होती. मिरच्या तुडवू नकोस म्हणतानाची.

"थांब," मी म्हटलं. "घेते."

मी हात पुढे केला. कौमुदीने धावत जाऊन गोळी आणली, देवदत्तांनी पाण्याचा पेला भरला. मी गोळी जिभेवर ठेवली, फोन तोंडाजवळ धरला, आणि तिला ऐकू जावं म्हणून घोट जरा मोठ्याने घेतला.